नावावरून प्रक्रिया शोधणे: युनिक्स परंपरेतील साधने, मतभेद आणि अनिर्णित प्रश्न

प्रश्नाचे स्वरूप

युनिक्स आणि तिच्या वळणाने घडलेल्या लिनक्स, फ्रीबीएसडी, सोलारिस, मॅकओएस या कार्यप्रणालींमध्ये चालू असलेल्या प्रत्येक प्रोग्रॅमला, म्हणजे प्रक्रियेला किंवा रूढ शब्दात प्रोसेसला, कर्नल एक पूर्णांक देतो आणि त्यालाच प्रक्रिया क्रमांक किंवा पीआयडी म्हटले जाते. प्रक्रियेला सिग्नल पाठवायचा असो, तिचा अग्रक्रम बदलायचा असो की ती संपण्याची वाट पाहायची असो, कर्नलशी होणारा हा सारा व्यवहार परंपरेने क्रमांकावरच चालत आला आहे. माणसाच्या ध्यानात मात्र क्रमांक राहत नाही, आज्ञेचे नाव राहते. 'वेब सर्व्हर पुन्हा सुरू करा' किंवा 'अडकलेला ब्राउझर बंद करा' असे म्हणणाऱ्याच्या मनात नाव असते आणि 'किल' या आज्ञेला हवा असतो क्रमांक. ही दरी बुजवण्यासाठी गेल्या पाच दशकांत जी साधने तयार झाली, त्यांच्यामागे जे वेगवेगळे विचार होते आणि जे प्रश्न आजही सुटलेले नाहीत, त्यांचा हा आढावा आहे.

वरवर पाहता प्रश्न किरकोळ आहे आणि त्याचे उत्तर एका ओळीच्या आज्ञेत मिळते. अडचण अशी की नाव आणि क्रमांक यांचे नाते एकास एक नाही: एका नावाच्या शेकडो प्रक्रिया एकाच वेळी चालू असू शकतात, एकच प्रक्रिया आपले नाव चालता चालता बदलू शकते आणि आज एका प्रक्रियेला दिलेला क्रमांक ती संपल्यावर दुसऱ्या प्रक्रियेला मिळू शकतो. या तीन वस्तुस्थितींपैकी कोणती गंभीर मानायची आणि कोणत्या बाबीकडे काणाडोळा करायचा, यावरूनच या क्षेत्रातील बहुतेक मतभेद निर्माण झालेले दिसतात.

पूर्वपीठिका

बेल लॅब्जमध्ये १९६९ पासून आकाराला आलेल्या युनिक्समध्ये चालू प्रक्रियांची यादी देणारी 'पीएस' ही आज्ञा १९७०च्या दशकाच्या प्रारंभीच दाखल झाली आणि मजकुरातून हवा तो नमुना निवडणारी 'ग्रेप' ही आज्ञा १९७३च्या चौथ्या आवृत्तीत आढळते. एका आज्ञेचे उत्पादन दुसरीला पुरवणारी पाइपची सोयही त्याच काळात आल्याने नावावरून क्रमांक काढण्याची पहिली रीत आपोआप सिद्ध झाली: पीएसची यादी ग्रेपमधून गाळायची आणि उरलेल्या ओळीतला क्रमांकाचा स्तंभ उचलायचा. अशा शोधासाठी वेगळे साधन बनवण्याची गरज तेव्हा कोणाला वाटली नाही. लहान साधने जोडून मोठे काम करावे, या युनिक्सच्या विचाराशी ते सुसंगतही होते.

जुना पीएस ही माहिती मिळवत असे ती थेट कर्नलच्या स्मृतीतून. चालू कर्नलच्या फाइलमधील चिन्हतक्ता वाचून प्रक्रियांची सारणी स्मृतीत कोठे आहे हे तो ठरवी आणि तेथील बाइट उलगडत बसे. त्यामुळे त्याला विशेष अधिकार द्यावे लागत आणि डिस्कवरची कर्नलची फाइल चालू कर्नलपेक्षा वेगळी निघाली तर यादी निरर्थक येई. या अवस्थेतून बाहेर पडण्याचे दोन मार्ग निघाले. पहिला टॉम किलियन यांचा: १९८४ साली त्यांनी युनिक्सच्या आठव्या आवृत्तीत प्रत्येक प्रक्रिया ही एक फाइल म्हणून '/प्रॉक' या निर्देशिकेत दाखवण्याची कल्पना मांडली, जी पुढे प्लॅन नाइन, सिस्टम फाइव्हची चौथी आवृत्ती आणि लिनक्स यांनी आपापल्या पद्धतीने विस्तारली. दुसरा मार्ग बीएसडी घराण्याने घेतला: तेथे 'सिस्कंट्रोल' नावाच्या प्रणाली-आवाहनातून प्रक्रियांची सारणी मागता येते. हे दोन मार्ग आजही समांतर चालले आहेत. मॅकओएसमध्ये '/प्रॉक' नाही, ओपनबीएसडीने ५.७ या आवृत्तीत ते काढून टाकले आणि फ्रीबीएसडीमध्ये ते मुळात जोडलेले नसते, त्यामुळे लिनक्सवर सहज वाटणारी '/प्रॉक'मधील शोधाची पद्धत अन्यत्र निरुपयोगी ठरते.

पीएसच्या पर्यायांचीही अशीच फाटाफूट झाली. सिस्टम फाइव्हचा पीएस '-ईएफ' असे पर्याय घेई आणि बीएसडीचा पीएस आडव्या रेषेशिवाय 'एयूएक्स' असे. लिनक्सच्या पीएसने दोन्ही बोली स्वीकारल्या, पण त्याबरोबर काही संदिग्धताही पदरी पडली. '-सी' हा पर्याय लिनक्सवर आज्ञेचे नाव देऊन यादी मर्यादित करण्यासाठी आहे, तर बीएसडीवर त्याच अक्षराने प्रोसेसरच्या वापराची टक्केवारी मोजण्याची रीत बदलते. स्क्रिप्ट एका प्रणालीवरून दुसरीकडे नेताना असले फरक चूक दाखवत नाहीत, नुसतेच वेगळे उत्तर देतात, म्हणून ते अधिक त्रासदायक असतात.

पीएस आणि ग्रेप यांची जोडी

या जोडीचा सर्वांना माहीत असलेला दोष म्हणजे शोधणारा स्वतःच सापडतो. पाइपमधल्या दोन्ही प्रक्रिया एकाच वेळी सुरू होतात, ग्रेपच्या तर्कवाक्यांमध्ये, म्हणजे आज्ञेपुढे दिलेल्या मजकुरात, शोधले जाणारे नाव असतेच, आणि पीएस यादी घेत असताना ग्रेप उभा राहिला असेल तर तोही यादीत येतो. उभा राहिला नसेल तर येत नाही. म्हणजे एकच आज्ञा दोनदा दिली तर दोन वेगळी उत्तरे मिळू शकतात. यावर दोन तोडगे रूढ झाले. एक म्हणजे निकाल आणखी एका ग्रेपमधून घालून 'ग्रेप' हा शब्द असलेल्या ओळी वगळणे. त्यात ज्या खऱ्या प्रक्रियेच्या नावात किंवा तर्कवाक्यांत हा शब्द असेल तीही गळते. दुसरा तोडगा अधिक चलाख आहे: शोधायच्या नावाचे पहिले अक्षर चौकोनी कंसात घातले की नमुना म्हणून त्याचा अर्थ तेच अक्षर असा होतो, परंतु ग्रेपच्या स्वतःच्या तर्कवाक्यात कंस जसेच्या तसे राहत असल्याने तो नमुना ग्रेपच्या ओळीला जुळत नाही. प्रणालीप्रशासकांच्या अनेक पिढ्यांनी ही युक्ती एकमेकांकडून उचलली, आणि आजही ती वापरणाऱ्याकडे अनुभवी म्हणून पाहिले जाते.

युक्ती कितीही नामी असली तरी तिने मूळ दोष जात नाही. पीएसची ओळ म्हणजे वापरकर्ता, क्रमांक, वेळ, आज्ञा आणि तिची तर्कवाक्ये यांची सरमिसळ असते आणि ग्रेप त्यात स्तंभ ओळखत नाही. 'एसएसएचडी' या सर्व्हरचा शोध घेताना त्याच सर्व्हरची मांडणीफाइल संपादकात उघडून बसलेल्या वापरकर्त्याची प्रक्रिया हमखास सापडते, आणि त्या यादीवर डोळे झाकून सिग्नल सोडला तर त्या बिचाऱ्याचे न साठवलेले काम जाते. माणूस पडद्यावर यादी वाचत असेल तर हा दोष नगण्य आहे, कारण गाळण्याचे उरलेले काम त्याची नजर करते. तीच ओळ रात्री आपोआप चालणाऱ्या स्क्रिप्टमध्ये गेली की नजर उरत नाही. या जोडीवर होणारी टीका आणि तिचे समर्थन यांतला बराचसा वाद हे दोन प्रसंग वेगळे न केल्यामुळे लांबलेला आहे.

खास साधने

लिनक्सवर मिकेल व्हान स्मूरेनबर्ग यांच्या सिस्टम फाइव्ह धर्तीच्या इनिट संचाबरोबर 'पिडऑफ' ही आज्ञा आली. तिचे काम मर्यादित आणि स्पष्ट आहे: दिलेल्या नावाचा प्रोग्रॅम चालवणाऱ्या सर्व प्रक्रियांचे क्रमांक एका ओळीत छापणे. जुळणी पूर्ण नावाची होते, नावाच्या तुकड्याची नाही. पूर्ण मार्ग दिल्यास त्या मार्गावरील प्रोग्रॅमशी जुळणी पाहिली जाते. शेलस्क्रिप्ट ज्या शेलमध्ये चालते त्या शेलच्या प्रक्रियाही मोजायच्या असतील तर त्यासाठी वेगळा पर्याय द्यावा लागतो. सेवा सुरू आणि बंद करणाऱ्या स्क्रिप्टांसाठी ती घडवलेली असल्याने तिचा स्वभावही तसाच काटेकोर आहे. पुढे ही आज्ञा काही वितरणांमध्ये प्रॉकपीएस या संचातून येऊ लागली, तर डेबियनमध्ये ती इनिटच्या उपयोगितांच्या संचातच राहिली. दोन्हींचे वागणे तपशिलात जुळतेच असे नाही.

'किलऑल' या नावाचा इतिहास मात्र सावधगिरीचा धडा आहे. लिनक्सवर पीएसमिस्क या संचातील किलऑल दिलेल्या नावाच्या प्रक्रियांना सिग्नल पाठवते आणि फ्रीबीएसडीवरील त्याच नावाची आज्ञाही तेच करते. सोलारिससारख्या सिस्टम फाइव्ह वंशातील प्रणालींवर मात्र ती यंत्र बंद करताना सर्वच चालू प्रक्रिया संपवण्यासाठी आहे. लिनक्सची सवय घेऊन सोलारिसच्या यंत्रावर महाप्रशासक म्हणून बसलेल्याने ती आज्ञा दिली तर काय होईल, हे सांगायला नको.

या साधनांना सुसूत्र रूप आले ते १९९८च्या सोलारिस ७ मध्ये माइक शापिरो यांनी लिहिलेल्या 'पीग्रेप' आणि 'पीकिल' या जोडीने. शोध आणि सिग्नल ही दोन्ही कामे निवडीच्या एकाच नियमावलीवर चालावीत, ही त्यामागची कल्पना होती: नावाशी नमुना जुळवणे, वापरकर्ता, टर्मिनल, जनक प्रक्रिया किंवा सत्र यांनुसार गाळणे, सर्वांत नवी किंवा सर्वांत जुनी प्रक्रिया निवडणे. शोधणारी आज्ञा स्वतःला कधीच मोजत नाही, त्यामुळे कंसाची युक्ती अनावश्यक झाली. लिनक्ससाठी २००० साली शेटिल टोर्ग्रिम होम यांनी याच धर्तीवर नव्याने लेखन केले, नेटबीएसडीच्या १.६ आणि फ्रीबीएसडीच्या ५.३ या आवृत्त्यांमध्ये ही आज्ञा दाखल झाली आणि नंतर मॅकओएसमध्येही पोहोचली. एका व्यापारी प्रणालीत जन्मलेले साधन प्रतिस्पर्धी प्रणालींनी नाव आणि पर्यायांसह उचलावे, असे युनिक्सच्या इतिहासात वारंवार घडलेले नाही.

तरीही पीग्रेप निर्दोष आहे असे त्याचे समर्थकही म्हणत नाहीत. ते मुळात नमुना जुळवते, म्हणून 'एसएसएच' विचारले तर 'एसएसएचडी' आणि 'एसएसएच-एजंट'ही सापडतात. नेमकी जुळणी हवी असेल तर '-एक्स' हा पर्याय आठवणीने द्यावा लागतो. संपूर्ण आज्ञाओळीत शोधण्यासाठी '-एफ' वापरला की जुना दोष मागच्या दाराने परत येतो: पीग्रेप स्वतःला वगळते, पण त्याला चालवणाऱ्या शेलच्या किंवा सुडूच्या आज्ञाओळीतही तोच नमुना असतो आणि ती प्रक्रिया मात्र यादीत येते. प्रॉकपीएसच्या अलीकडच्या आवृत्त्यांमध्ये शोधणाऱ्याच्या पूर्वजांना वगळणारा स्वतंत्र पर्याय जोडावा लागला, यावरून ही तक्रार किती जुनी आणि व्यापक होती ते कळते.

नाव म्हणजे नेमके काय

साधनांचे दोष दूर करत गेल्यावर जो प्रश्न शिल्लक राहतो तोच खरा अवघड आहे. एका प्रक्रियेला लिनक्सवर किमान तीन ठिकाणी नाव असते आणि ही तीन नावे एकमेकांशी जुळतीलच असा नियम नाही. पहिले कर्नलने ठेवलेले छोटे नाव. दुसरे आज्ञाओळीतील पहिला शब्द, जो प्रक्रियेच्या स्वतःच्या स्मृतीत असतो. तिसरे ज्या फाइलमधील यंत्रसंहिता चालू आहे तिचा मार्ग, जो '/प्रॉक'मध्ये एका दुव्याच्या रूपाने दिसतो.

कर्नलच्या नावासाठी लिनक्सने १६ बाइट राखले आहेत आणि शेवटचा बाइट समाप्तिचिन्हासाठी जातो, म्हणून उपयोगी लांबी १५ बाइटची उरते. फ्रीबीएसडीत ही मर्यादा १९ आहे. जीनोम-टर्मिनल-सर्व्हर या प्रोग्रॅमचे रोमन लिपीतील नाव २१ अक्षरांचे असल्याने कर्नलकडे त्याचा दुसऱ्या जोडरेषेपर्यंतचाच भाग नोंदला जातो, आणि पूर्ण नाव देऊन पीग्रेपने शोधले तर काहीच सापडत नाही. लिनक्सवरील पीग्रेप अशा वेळी इशारा छापते, पण स्क्रिप्टमध्ये तो इशारा वाचणारे कोणी नसते. मर्यादा बाइटची आहे, अक्षरांची नाही, ही गोष्ट रोमन लिपीत जाणवत नाही. यूटीएफ-८ मध्ये देवनागरीचे प्रत्येक चिन्ह, मग ते मूळ अक्षर असो वा मात्रा, तीन बाइट घेते. म्हणून कोणी आपल्या स्क्रिप्टला 'हिशेबनीस' असे नाव दिले आणि ती थेट चालवली, तर कर्नलकडे नोंद होते ती 'हिशेब' एवढीच.

स्क्रिप्टच्या बाबतीत गुंतागुंत आणखी वाढते. स्क्रिप्ट थेट चालवली आणि तिच्या पहिल्या ओळीत शेलचा मार्ग असला, तर लिनक्स कर्नल स्क्रिप्टच्या फाइलचे नाव नोंदवतो. तीच स्क्रिप्ट शेलला तर्कवाक्य म्हणून दिली तर नाव शेलचे लागते. आणि पहिल्या ओळीत 'एन्व्ह' या आज्ञेमार्फत पायथन बोलावलेला असेल, तर एन्व्ह आपल्या जागी पायथनला बसवत असल्याने अखेर नाव पायथनचे राहते. एकच स्क्रिप्ट, सुरू करण्याच्या तीन रीती आणि शोधाची तीन वेगळी उत्तरे! जावाचे प्रोग्रॅम तर सगळेच 'जावा' या एका नावाखाली चालतात, आणि म्हणूनच जावाच्या विकाससंचात 'जेपीएस' ही स्वतंत्र यादी देणारी आज्ञा ठेवलेली आहे.

त्यातच प्रक्रियांना आपले नाव बदलण्याची मुभा आहे. लिनक्सवर एका प्रणाली-आवाहनाने कर्नलकडचे छोटे नाव बदलता येते. बीएसडी प्रणालींवर 'सेटप्रॉकटायटल' या फलनाने आज्ञाओळीचा मजकूरच बदलता येतो. याचा हेतू बहुधा चांगलाच असतो. पोस्टग्रेसएसक्यूएल हा डेटाबेस प्रत्येक जोडणीच्या प्रक्रियेवर वापरकर्ता, डेटाबेस आणि चालू काम लिहितो, आणि एसएसएचडी कोणासाठी सत्र चालवत आहे ते दाखवतो; पीएस वाचणाऱ्या प्रशासकाला त्याने मोठीच मदत होते. पण नावावर विसंबून चालणाऱ्या साधनाच्या पायाखालची जमीन त्यामुळे सरकते, आणि एखाद्या घुसखोर प्रोग्रॅमने नेहमीच्या सेवेचे नाव धारण करणेही तितकेच सोपे राहते.

फाइलचा मार्ग हे या तिघांत सर्वांत टिकाऊ नाव मानले जाते आणि काटेकोर जुळणी हवी असणाऱ्यांचा भर त्यावरच असतो. डेबियनचे 'स्टार्ट-स्टॉप-डेमन' हे साधन सेवेची प्रक्रिया ओळखण्यासाठी नाव, मार्ग आणि क्रमांकाची फाइल असे तिन्ही निकष देते. परंतु मार्गाचेही दोष आहेत: दुसऱ्या वापरकर्त्याच्या प्रक्रियेचा तो दुवा सामान्य वापरकर्त्याला वाचता येत नाही, प्रोग्रॅम चालू असताना त्याची फाइल अद्ययावत झाली की दुव्यावर ती पुसली गेल्याची खूण येते, आणि दुभाषी भाषांतील प्रोग्रॅमांचा मार्ग पुन्हा दुभाष्याचाच असतो. नाव कोणतेही घेतले तरी ते वर्णन ठरते, ओळख ठरत नाही, हा या प्रकरणाचा निष्कर्ष सर्व पक्षांना मान्य होण्यासारखा आहे. त्यावरून पुढे काय करायचे, येथे वाटा फुटतात.

शोधच नको म्हणणारा पक्ष

एका पक्षाचे म्हणणे असे की ज्याने प्रक्रिया सुरू केली त्याला तिचा क्रमांक आधीच माहीत असतो, मग नंतर नावावरून शोधण्याची पाळी येतेच कशाला. 'फोर्क' हे आवाहन जनक प्रक्रियेला अपत्याचा क्रमांक परत देते, शेलमध्ये शेवटच्या पार्श्वभूमीतील कामाचा क्रमांक एका खास चलात मिळतो, आणि सर्वांत महत्त्वाचे म्हणजे अपत्य मेले तरी जनकाने त्याची नोंद घेईपर्यंत कर्नल तो क्रमांक दुसऱ्या कोणाला देत नाही. म्हणजे जनक हा एकच असा घटक आहे ज्याच्याजवळचा क्रमांक कधीही चुकीच्या प्रक्रियेकडे बोट दाखवत नाही. हा युक्तिवाद तर्काच्या दृष्टीने या सगळ्या चर्चेतला सर्वांत भक्कम आहे.

अडचण आली ती डेमन, म्हणजे पार्श्वभूमीत अखंड चालणाऱ्या सेवांमुळे. परंपरेने डेमन दोनदा फोर्क करून जनकापासून मुद्दाम तुटतो आणि त्याचे पालकत्व पहिल्या क्रमांकाच्या प्रक्रियेकडे जाते. मग क्रमांक कळावा म्हणून डेमनने तो एका ठरलेल्या फाइलमध्ये लिहून ठेवण्याची प्रथा पडली. ही पीआयडी-फाइल साधी आणि सार्वत्रिक आहे, पण डेमन अचानक कोसळला तर फाइल मागे राहते आणि तीतला क्रमांक पुढे भलत्याच प्रक्रियेला मिळालेला असू शकतो. फाइलवर कुलूप धरून ठेवणे हा त्यावरचा उपाय आहे आणि बीएसडी प्रणालींच्या ग्रंथालयात त्यासाठी तयार फलने आहेत. पीग्रेपलाही पीआयडी-फाइल वाचण्याचा आणि तिच्यावर कुलूप आहे की नाही ते तपासण्याचा पर्याय आहे.

दुसरा उपाय म्हणजे डेमनला तुटूच न देणे. डॅनियल बर्नस्टाइन यांच्या डेमनटूल्सने प्रत्येक सेवेमागे एक पर्यवेक्षक प्रक्रिया उभी केली, जी सेवेची जनक म्हणून कायम राहते. मॅक ओएस टेन १०.४ मधील लाँचडी आणि सोलारिस १० मधील सेवाव्यवस्थापन ही दोन्ही २००५ सालची; उबुंटूचे अपस्टार्ट त्यांच्या पाठोपाठ आले. अपस्टार्टने फोर्कची संख्या मोजून मुख्य प्रक्रिया ओळखण्याचा मार्ग घेतला, आणि ती संख्या सेवेच्या नोंदीत चुकीची लिहिली गेली तर ते भलत्याच क्रमांकाची वाट पाहत बसे. लेनार्ट पोएटरिंग आणि के सीव्हर्स यांनी २०१० मध्ये पुढे आणलेल्या सिस्टमडीने कर्नलमधील नियंत्रणगटांचा आधार घेतला: सेवेची प्रक्रिया कितीही वेळा फोर्क झाली तरी तिची संतती त्याच गटात राहते, आणि सेवेचे नाव दिले की मुख्य क्रमांक विचारता येतो. मात्र जुन्या पद्धतीने तुटणाऱ्या आणि पीआयडी-फाइल न देणाऱ्या सेवेच्या बाबतीत सिस्टमडीलाही मुख्य प्रक्रिया कोणती याचा अंदाज बांधावा लागतो.

या पक्षावर होणारा आक्षेप तत्त्वाचा नाही, व्याप्तीचा आहे. वापरकर्त्याने हाताने उघडलेले प्रोग्रॅम, कोणीतरी विसरून गेलेली गणिते, चुकीने दोनदा सुरू झालेली स्क्रिप्ट यांना पर्यवेक्षक नसतो, आणि नेमक्या अशाच वेळी प्रशासकाला नावावरून शोधावे लागते. नेटवर्कचे बंदर, म्हणजे पोर्ट, अडवून बसलेली प्रक्रिया हवी असेल तर नावाऐवजी त्या बंदरावरून किंवा उघड्या फाइलवरून शोधणारी 'एलएसओएफ' आणि 'फ्यूजर' ही साधने अधिक नेमके उत्तर देतात, ही गोष्ट या वादात बहुधा बाजूला राहते.

शोध आणि कृती यांमधील अंतर

क्रमांक अचूक सापडला असे धरले तरी तो सापडणे आणि त्याला सिग्नल पाठवणे यांत काही क्षण जातात. त्या क्षणांत मूळ प्रक्रिया संपून तोच क्रमांक नव्या प्रक्रियेला मिळाला तर सिग्नल भलतीकडे पोहोचतो. लिनक्सवर क्रमांकाची कमाल मर्यादा दीर्घकाळ ३२,७६८ होती आणि ती गाठली की वाटप पुन्हा खालून सुरू होई. ६४-बिट यंत्रांवर ती ४१,९४,३०४ पर्यंत वाढवता येते आणि सिस्टमडीने २०१९ पासून तेच मूल्य वापरायला सुरुवात केली. त्यामुळे पुनर्वापराचा संभव कमी झाला, नाहीसा झाला नाही. ओपनबीएसडी क्रमांक यादृच्छिक क्रमाने वाटते; त्यामागे क्रमांकाचा अंदाज बांधता येऊ नये हा विचार आहे.

मूलगामी उपाय म्हणजे प्रक्रियेसाठी क्रमांकाऐवजी फाइलसारखी मूठ देणे, जी एका विशिष्ट प्रक्रियेशीच बांधलेली राहील. फ्रीबीएसडीने ९.० या आवृत्तीत कॅप्सिकम या सुरक्षाप्रकल्पाबरोबर ही सोय आणली. लिनक्समध्ये क्रिश्चन ब्राउनर यांच्या पुढाकाराने २०१९ साली पीआयडीएफडी आले: ५.१ या आवृत्तीत अशा मुठीवर सिग्नल पाठवता येऊ लागला आणि ५.३ मध्ये चालू प्रक्रियेच्या क्रमांकावरून मूठ उघडता येऊ लागली. सावध प्रोग्रॅमने आधी मूठ उघडावी, मग नाव आणि वापरकर्ता पुन्हा तपासावा आणि त्यानंतरच सिग्नल सोडावा, असा क्रम त्यामुळे शक्य झाला. प्रॉकपीएसमधील, प्रक्रिया संपण्याची वाट पाहणारी 'पिडवेट' ही आज्ञा या सोयीवरच उभी आहे. शेलमध्ये मात्र अशी मूठ हाताळण्याची सहज रीत अजून रूढ झालेली नाही आणि बहुसंख्य स्क्रिप्टा क्रमांकाचा मजकूर एका आज्ञेकडून दुसरीकडे देतच चालल्या आहेत. पीग्रेपचा निकाल किलला पुरवण्यापेक्षा पीकिल थेट वापरले तर हे अंतर आकसते, एवढाच दिलासा तेथे आहे.

कंटेनर आणि दृश्यता

लिनक्सने २००८च्या २.६.२४ या आवृत्तीत प्रक्रिया क्रमांकांची नामावकाशे, म्हणजे नेमस्पेस, आणली आणि पुढे कंटेनरांचा प्रसार झाल्यावर त्यांचे परिणाम रोजच्या कामात दिसू लागले. एकाच प्रक्रियेला कंटेनरच्या आत एक क्रमांक असतो आणि बाहेरच्या यजमान यंत्रावर दुसरा. आतली मुख्य प्रक्रिया स्वतःला १ समजते. यजमान यंत्रावरून नावाने शोधले तर सर्व कंटेनरांतील त्या नावाच्या प्रक्रिया एकत्र येतात, म्हणून 'वेब सर्व्हर थांबवा' अशा जुन्या स्क्रिप्टने दुसऱ्याच कोणाचा सर्व्हर थांबण्याची शक्यता निर्माण होते. पीग्रेपला नामावकाशानुसार गाळण्याचा पर्याय आहे आणि फ्रीबीएसडीवर जेल या विलगीकरणाच्या सोयीनुसार गाळण्याचा. पण हे पर्याय आठवणीने द्यावे लागतात, आपोआप लागू होत नाहीत. उलट आतल्या बाजूने पाहिले तर कंटेनरच्या अनेक छाटलेल्या प्रतिमांमध्ये पीएस किंवा पीग्रेप नसतेच, आणि '/प्रॉक'मधील क्रमांकाच्या निर्देशिका शेलच्या फेऱ्याने एकेक वाचण्यावाचून गत्यंतर राहत नाही.

दृश्यतेचा दुसरा पैलू गोपनीयतेचा आहे. आज्ञाओळ परंपरेने सर्वांना दिसते, तीत कोणी परवलीचा शब्द लिहिला तर तोही दिसतो, आणि म्हणून लिनक्सने २०१२च्या ३.३ या आवृत्तीत '/प्रॉक'वर इतरांच्या प्रक्रिया लपवण्याचा पर्याय दिला. तो लागू असलेल्या यंत्रावर सामान्य वापरकर्त्याला 'अशी प्रक्रिया नाही' आणि 'अशी प्रक्रिया दिसत नाही' या दोहोंतला फरक नावाच्या शोधातून कळण्याचा मार्ग नाही. पीग्रेप दोन्ही वेळा एकच निर्गमन-संकेत देते. सेवा चालू आहे की नाही हे शोधाच्या निकालावरून ठरवणाऱ्या स्क्रिप्टांसाठी ही उणीव महत्त्वाची आहे, आणि तिच्यावर एकमताने मान्य झालेला उपाय अद्याप नाही.

प्रमाणीकरणाची स्थिती

पॉझिक्स या प्रमाणात पीएस आहे, पिडऑफ किंवा पीग्रेप नाहीत. पीएसच्या '-ए' आणि '-ओ' या पर्यायांनी सर्व प्रक्रियांचे क्रमांक आणि आज्ञेचे नाव असे दोनच स्तंभ मागता येतात, त्यामुळे नाव पूर्ण जुळते का हे ऑकसारख्या साधनाने स्तंभनिहाय तपासता येते आणि ग्रेपची सरमिसळही टळते. परंतु प्रमाणानुसार ते नाव आज्ञाओळीतील पहिला शब्द असायला हवे आणि लिनक्सवर तेथे कर्नलचे छोटे नाव येते. तसेच तर्कवाक्ये मूळची दाखवायची की प्रोग्रॅमने बदललेली, हे प्रमाणाने मुद्दाम अनिर्णित ठेवले आहे. पीग्रेप बहुतेक सर्व चालू प्रणालींवर उपलब्ध असूनही त्याच्या पर्यायांतील फरक, आज्ञाओळीच्या लांबीची सोलारिसवरची ८० बाइटची मर्यादा आणि नावाच्या लांबीतील तफावत यांमुळे त्याचे प्रमाणीकरण सोपे नाही. २०२४ साली प्रसिद्ध झालेल्या पॉझिक्सच्या नव्या आवृत्तीत 'रीडलिंक', 'रिअलपाथ' आणि 'टाइमआउट' यांसारख्या दीर्घकाळ रूढ असलेल्या आज्ञांना स्थान मिळाले. नावावरून प्रक्रिया शोधणाऱ्या कोणत्याही आज्ञेला ते मिळालेले नाही.